कारमागील ट्रेलरचा हेलकावा : प्रतिबंधक उपायांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी इंजिन, कारखाने आणि रस्ते यांभोवती फिरत राहिले आहे. गाडीच्या मागे जोडलेला ट्रेलर हा त्या लेखनात तळटिपेपुरता उरतो. वस्तुतः कार व ट्रेलर यांची जोडी ही यांत्रिकदृष्ट्या एक स्वतंत्र आणि काहीशी दगाबाज अशी रचना आहे. सरळ रस्त्यावर, स्वच्छ हवेत, कोणताही भाग मोडलेला नसताना, मागील ट्रेलर अकस्मात डावी-उजवीकडे झुलू लागतो. प्रत्येक झोक्यागणिक झुलण्याचा विस्तार वाढतो आणि काही क्षणांत ट्रेलर कारलाही रस्त्याबाहेर ओढून नेतो. अमेरिकेत यास ‘स्वे’ म्हणतात; ब्रिटिश चालक सापाच्या चालीवरून ‘स्नेकिंग’ हा शब्द वापरतात. प्रस्तुत लेखात या दोषासाठी ‘हेलकावा’ हा शब्द योजिला असून, तो टाळण्यासाठी गेल्या सुमारे शंभर वर्षांत अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथे जे उपाय योजले गेले त्यांचा विचार केला आहे. हे उपाय दोन जातींचे आहेत. काही उपाय दोष उद्भवू देत नाहीत, तर काही उद्भवलेला दोष दडपतात. या दोहोंतील भेद बाजारात आणि कायद्यात वारंवार पुसट होत गेला, असे या इतिहासावरून दिसून येते.

घोड्याकडून मोटारीकडे

हौसेखातर चाकांवरच्या घरातून प्रवास करण्याची प्रथा मोटारीपेक्षा जुनी आहे. नौदलात शल्यवैद्य म्हणून काम केलेले लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि तीतून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. या प्रकारच्या हौशी प्रवाशांची कॅरॅव्हान क्लब ही संस्था १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली. ‘वाँडरर’ सुमारे दोन टनांची होती. परंतु तिला चार चाके होती, तिचे सर्व वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर होते आणि घोड्यांच्या चालीने ती चाले. अशा गाडीस हेलकाव्याचा प्रश्न संभवतच नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. बर्मिंगहॅम येथील एकल्स या कंपनीने १९१९ पासून मोटारीमागे जोडण्याचे कॅरॅव्हान विक्रीसाठी बांधण्यास आरंभ केला. मोटारीमागील ट्रेलर हलका, स्वस्त आणि मागे घेण्यास सोपा असावा म्हणून एकाच आसावर, म्हणजे दोनच चाकांवर, बांधण्याची रीत रूढ झाली. दोन चाकांच्या गाडीस तिसरा आधार लागतो. तो आधार म्हणजे मोटारीच्या मागील बाजूचा जोड. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलामुळे पुढील सर्व प्रश्न निर्माण झाले. ट्रेलरमध्ये सामान कोठे ठेवले आहे यावर आता मोटारीच्या मागील चाकांवरील भार अवलंबून राहू लागला, आणि मोटारीची गती घोड्याच्या अनेक पटींनी अधिक होती.

दोन चाकांच्या गाडीच्या तोलाचे हे ज्ञान कृषिसंस्कृतीस नवीन नव्हते. मराठीत मागे जड झालेल्या बैलगाडीस ‘उलाळ’ म्हणतात. उलाळ गाडीची दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गाडीवान सामान पुढे सारतो. हा एक शब्द ट्रेलरच्या साऱ्या समस्येचे बीज सांगून जातो. फरक इतकाच की, बैलगाडीची चूक लगेच डोळ्यांना दिसते. ट्रेलरची चूक मात्र कमी वेगात झाकलेली राहते आणि वेग वाढल्यावरच प्रकट होते.

विमानविद्येचे ऋण

जोडाचा बिंदू नेमका कोठे असावा या प्रश्नाचे सर्वांत मूलगामी उत्तर मालवाहतुकीतून आले. डेट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी फोर्ड गाडीमागे जोडण्याचा ट्रेलर बांधून दिला. त्यातूनच ‘सेमी-ट्रेलर’चा उद्योग उभा राहिला. पुढे स्थिरावलेल्या सेमी-ट्रेलरमध्ये ट्रेलरचे पुढील टोक ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसाच्या जवळपास वर टेकलेले असते. त्यामुळे ट्रेलरने आडवा धक्का दिला तरी तो आसावरच पडतो. वाहनाचे शेपूट बाजूला ढकलण्यास त्यास तरफ मिळत नाही. सामान्य कारमध्ये मात्र जोड मागील बंपरखाली, आसापासून बराच मागे असतो. हे अंतर जितके अधिक तितकी ट्रेलरच्या हाती मोठी तरफ.

विमानांचे विख्यात निर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘एरोकार’ नावाचा प्रवासी ट्रेलर काढला. त्याचा जोड कारच्या मागील भागात आडव्या बसविलेल्या हवेच्या टायरमध्ये होता. या रचनेत जोड आसाजवळ आला आणि रबराने धक्केही शोषले. ग्लायडर बांधणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा निमुळता ‘रोड चीफ’ बाजारात आणला, तर वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये त्याच घाटाचा ‘क्लिपर’ काढला. गोलाकार अंगाचा ट्रेलर शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने कमी ढकलला जातो, हा त्याचा अनुषंगिक लाभ होता. परंतु कर्टिस यांची रचना महाग होती व तिच्यासाठी कारमध्येच फेरफार करावा लागे. मंदीच्या काळातील अमेरिकन ग्राहकाला ते परवडणारे नव्हते. १९३० च्या दशकात तेथे ट्रेलरची अशी लाट आली की, वीस वर्षांत निम्मे अमेरिकन ट्रेलरमध्ये राहू लागतील असे भाकीत अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी केले. भाकीत खोटे ठरले. तथापि, बंपरखालील स्वस्त जोड कायम राहिला. युरोपात वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने १९३० च्या दशकात चेंडूच्या आकाराच्या जोडाचा पुरस्कार केला आणि आज तेथे ५० मिलिमीटर व्यासाचा चेंडू सर्वमान्य आहे. चेंडूचा जोड सर्व दिशांना सहज वळतो. ही त्याची सोय होय. आणि हेलकाव्याच्या दृष्टीने पाहता तेच त्याचे न्यूनही होय.

हेलकाव्याची मीमांसा

चालकांना अनुभवाने दोन गोष्टी ठाऊक होत्या : मागे जड ट्रेलर झुलतो आणि वेगात अधिक झुलतो. यामागील कारणांची शास्त्रीय उकल मात्र रबरी टायरचे वर्तन समजल्यानंतरच शक्य झाली. टायर ज्या दिशेस तोंड करून असतो त्या दिशेपासून किंचित तिरपा सरकू लागला, तरच तो आडवे बल निर्माण करतो. बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतील लेनर्ड सेगेल व त्यांचे सहकारी यांनी विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीस लावले आणि त्यांचे निबंध १९५६ मध्ये लंडन येथे यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे सादर झाले. याच पायावर पुढे जोडवाहनांचे गणित रचले गेले. रेल्वेच्या क्षेत्रात याचे एक पूर्वसूत्र सापडते. रुळांवरील चाकजोडीच्या नागमोडी गतीचे सूत्र जर्मन अभियंता क्लिंगेल यांनी १८८३ मध्येच मांडले होते. परंतु पोलादी चाकाचे गणित रबरी टायरला जसेच्या तसे लागू पडत नाही.

वेग वाढल्यावर ट्रेलर अस्थिर का होतो, याचे उत्तर पुढीलप्रमाणे देता येईल. झुलणाऱ्या ट्रेलरची चाके आडव्या दिशेने सरकत असतात आणि त्या सरकण्यास टायर विरोध करतो. या विरोधामुळे झोका विझतो. यालाच अवमंदन म्हणतात. परंतु टायरचा विरोध तिरपेपणाच्या कोनावर अवलंबून असतो व तो कोन म्हणजे आडवा वेग आणि पुढील वेग यांचे गुणोत्तर. आडवे झुलणे तेवढेच राहून पुढील वेग दुप्पट झाला, तर कोन निम्मा होतो आणि अवमंदनही निम्म्यावर येते. अखेर एक वेग असा येतो की, तेथे अवमंदन शून्य होते. त्या वेगाच्या खाली प्रत्येक झोका आपोआप विरतो. त्याच्या वर तो आपोआप वाढतो. प्रत्येक जोडीचा हा वेग निराळा असतो. आयएसओ ९८१५ या आंतरराष्ट्रीय मानकातील चाचणीत स्टिअरिंगला क्षणिक धक्का देऊन झोके किती लवकर विरतात हे मोजले जाते व त्यावरून हा शून्य-अवमंदनाचा वेग काढता येतो. झुलणारा ट्रेलर वेग वाढवून सरळ करावा, असा सल्ला चालकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. वरील विवेचन पाहता तो सल्ला किती घातक आहे हे निराळे सांगावयास नको.

सामानाच्या मांडणीचे महत्त्व एका हिशेबाने स्पष्ट होईल. १५०० किलो वजनाच्या ट्रेलरमध्ये आस व जोड यांतील अंतर ४ मीटर आहे असे धरू. गुरुत्वमध्य आसाच्या ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर जोडावर १५० किलो, म्हणजे १० टक्के भार येतो. आता आसाच्या १ मीटर पुढे ठेवलेली १०० किलोची वस्तू आसाच्या दीड मीटर मागे ठेवली, तर जोडावरील भार सुमारे ८८ किलोपर्यंत, म्हणजे ६ टक्क्यांच्याही खाली उतरतो. एकूण वजन एक ग्रॅमनेही बदललेले नसते. अमेरिकेत जोडावर १० ते १५ टक्के भार असावा असा प्रघात आहे; युरोपात, जेथे कार लहान व वेगमर्यादा कमी, तेथे ५ ते ७ टक्के पुरेसे मानले जातात. याशिवाय वजन दोन्ही टोकांना विभागणे हेही अहितकारक असते. आसापासूनचे अंतर चौपट झाले की, त्या वस्तूचा फिरण्यास असणारा जडत्वाचा वाटा सोळापट होतो. ज्याने जड पेट्या पुढील व मागील टोकांना समान वाटून ‘तोल साधला’ असे मानले, त्याचा जोडावरील भार अचूक असूनही ट्रेलर एकदा झुलू लागल्यावर थांबण्याचे नाव घेत नाही.

ट्रेलरवर दुसरी कार लादून नेताना हा प्रश्न विशेष तीव्र होतो, कारण तेथे सामान वाटून ठेवता येत नाही. कारचे वजन जेथे असेल तेथेच असते. इंजिन पुढे असलेली कार तोंड पुढे करून चढविली तर जोडावर योग्य भार येतो. तीच कार उलटी चढविली तर इंजिनाचा भार आसामागे जातो आणि ट्रेलर उलाळ होतो. फोक्सवॅगन बीटलसारख्या मागील इंजिनाच्या कारबाबत नियम उलटा लागू होतो किंवा कार ट्रेलरवर अधिक पुढे घ्यावी लागते. १९४५ मध्ये लेनर्ड शोएन व ॲना मेरी शोएन या दांपत्याने वॉशिंग्टन राज्यात ‘यू-हॉल’ ही ट्रेलर भाड्याने देणारी कंपनी स्थापन केली. त्यानंतर ज्यांनी आयुष्यात कधीही ट्रेलर ओढला नाही अशा लक्षावधी कुटुंबांच्या हाती तो आला. साठ टक्के सामान पुढील अर्ध्या भागात ठेवावे, हा या कंपनीचा नियम म्हणजे वरील सर्व गणिताचा लोकसुलभ सारांश होय.

जोडावरील यंत्रे

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत भार वाटून देणारे जोड प्रचारात आले. पोलादी पट्ट्यांच्या ताणाने कारच्या मागील आसावरील भाराचा काही अंश पुढील आसाकडे व ट्रेलरच्या आसाकडे परत ढकलला जातो, जेणेकरून पुढील चाकांची रस्त्यावरील पकड टिकते. दुसरी जात घर्षणाच्या यंत्रांची. जोडाशी घासणारी तरफ किंवा चेंडूस दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे गुटके बसवून वळण्यास विरोध निर्माण केला जातो. जर्मनीतील अल्को कंपनीचे गुटक्यांचे जोड युरोपात सर्वत्र दिसतात.

घर्षणाच्या यंत्राविषयी एक बाब जाहिरातींत सहसा आढळत नाही. कोरडे घर्षण प्रत्येक झोक्यात जी ऊर्जा शोषते ती झोक्याच्या विस्ताराच्या सम प्रमाणात असते; अस्थिर ट्रेलरमध्ये जी ऊर्जा जमा होत जाते ती विस्ताराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लहान झोके घर्षणाने मरतात आणि चालकास ट्रेलर सुरक्षित भासतो. परंतु एखाद्या मोठ्या धक्क्याने झोका एका मर्यादेपलीकडे गेला की, घर्षण मागे पडते. यंत्राने दिलेला विश्वास खरा असतो, पण तो याच मर्यादेपर्यंत. शून्य-अवमंदनाच्या वेगाची सूचना देणारे लहान झोकेच नाहीसे झाल्यामुळे चालक त्या वेगाच्या पलीकडे गेल्याचे त्यास कळतही नाही.

याउलट अमेरिकन संशोधक जिम हेन्स्ली यांच्या जोडात चार दांड्यांच्या रचनेने ट्रेलरचा फिरण्याचा काल्पनिक बिंदू कारच्या मागील आसाकडे पुढे नेला जातो. कर्टिस यांनी टायरच्या साहाय्याने जे प्रत्यक्ष साधले, तेच येथे भूमितीने साधले आहे. दोहोंमधील संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. परंतु दोन्ही रचना दोषाच्या मुळावर घाव घालतात, हे त्यांचे वैशिष्ट्य मान्य करावे लागते.

कायदा आणि विद्युत-यंत्रणा

कायद्याने प्रथम वेगावर बंधन घालण्याचा सोपा मार्ग स्वीकारला. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या कारला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती. १९९८ च्या अपवादात्मक नियमाने ती सशर्त १०० करण्यात आली. अटी मननीय आहेत. ट्रेलरला धक्काशोषक असावेत, टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत, आणि ट्रेलर व कार यांच्या वजनांचे गुणोत्तर ठरावीक मर्यादेत असावे. स्थैर्ययंत्र असल्यास हे गुणोत्तर अधिक चालते. येथे कायदा प्रथमच वेगाऐवजी वेगाच्या कारणांकडे वळला, असे म्हणता येईल. परंतु सामानाची मांडणी कागदावर तपासता येत नाही, म्हणून ती अटींच्या कक्षेबाहेरच राहिली.

ब्रिटनमध्ये भरलेल्या कॅरॅव्हानचे वजन कारच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नवशिक्यांसाठीचा संकेत दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. बाथ विद्यापीठातील जोस डार्लिंग व सहकाऱ्यांनी हव्या त्या प्रकारे वजन मांडता येईल असा प्रायोगिक ट्रेलर बांधून केलेल्या अभ्यासाने (२००९) या संकेताची जागा निश्चित केली. जोडावरील भार, जडत्वाची विभागणी आणि आसाची जागा यांचा वेगातील स्थैर्यावर फार मोठा परिणाम होतो. नुसत्या एकूण वजनाचा तितका होत नाही. म्हणून ८५ टक्क्यांचा संकेत टाकाऊ ठरत नाही, कारण भारी कार झुलत्या ट्रेलरपुढे अधिक तग धरते. परंतु तो पाळला म्हणजे हेलकावा टळला, ही समजूत मात्र टिकत नाही.

बॉश व मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये कारसाठी आणलेली विद्युत-नियंत्रित स्थैर्यप्रणाली पुढील दशकात ट्रेलरलाही लागू करण्यात आली. कारची संवेदके ट्रेलरच्या झोक्याचा ताल ओळखतात, डाव्या-उजव्या चाकांना उलट तालात ब्रेक लावतात आणि इंजिनाचे बल कमी करतात. चालकाच्या हातून हे होणे जवळजवळ अशक्य असते. सुमारे एक-दोन सेकंदांच्या आवर्तनात त्याची प्रतिक्रिया हमखास उशिरा पडते आणि झोक्यास विरोध करण्याऐवजी बळच देते. म्हणूनच स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हलके सोडावा, एवढेच त्यास सांगितले जाते. अमेरिकन ट्रेलरना विजेचे ब्रेक असल्याने चालकास केवळ ट्रेलरचे ब्रेक लावून जोडी ताणून सरळ करता येते. युरोपातील ट्रेलरचे ब्रेक कारच्या दाबाने आपोआप लागतात. ती सोय तेथील चालकास नाही. कारसाठी स्थैर्यप्रणाली अमेरिकेत २०१२ च्या वाहनांपासून व युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या वाहनांस अनिवार्य झाली. ट्रेलरचा झोका ओळखण्याची जोड मात्र निर्मात्याच्या इच्छेवर राहिली. शिवाय ही प्रणाली झोका सुरू झाल्यानंतरच जागी होते. ती दडपणाऱ्या उपायांच्याच जातीची आहे.

महाराष्ट्रात कारमागे ट्रेलर क्वचितच दिसतो. येथील परिचित जोडवाहन म्हणजे गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर. त्याचा वेग इतका कमी असतो की, वर वर्णिलेला स्वयंवर्धक हेलकावा तेथे सहसा उद्भवत नाही. तेथील झोला ढिल्या पिनेचा, खड्ड्यांचा आणि उंच रचलेल्या मोळ्यांचा असतो. त्यावर युरोपीय घर्षणयंत्राची मात्रा चालणार नाही. दोन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजणे अप्रस्तुत ठरेल.

ब्रिटनमध्ये १९९७ पासून कारचा परवाना मिळवणाऱ्या नव्या चालकांना जड ट्रेलर ओढण्यासाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ रोजी ती अट रद्द झाली आणि साध्या कार-परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. त्याच देशात तीन वा अधिक पदरी मोटरवेवर ट्रेलरवाल्या कारला सर्वांत उजवा पदर आजही वर्ज्य आहे आणि वेगमर्यादा ताशी ६० मैल आहे. जोडावर किती भार पडतो हे न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून मोजता येते. ते मोजलेच पाहिजे असे तपासणारा परीक्षक मात्र आता त्या चालकाच्या वाटेत येत नाही.